फ्लॅपचा रक्तपुरवठा : बोटावर ९८ असताना दर तासाला सुई कशासाठी?

शमिका_देवगड
प्रश्न आधी विचारते, मग पार्श्वभूमी. फ्लॅप सर्जरीनंतर बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवत असताना नव्याने बसवलेल्या कातडीचं वेगळं काय बघतात? आणि ते बघायला आजही सुईच का लागते?

आत्याला गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर होता. तो काढून त्या जागी तिच्याच डाव्या मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसकट बसवली आहे, त्यालाच फ्लॅप म्हणतात. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. आत्या आयसीयूत आहे, खुणेने बोलते, पाटीवर लिहून चहा मागते. दर तासाला सिस्टर येतात, तोंडात टॉर्च मारतात, बोटाने दाबतात, मधूनच बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब बघतात आणि कागदावर नोंद करतात. विचारलं तर म्हणाल्या, "बोटाचं बोटाला माहीत, तोंडातलं तोंडातच बघावं लागतं," आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. डॉक्टर राऊंडला आले की दोन मिनिटं असतात. घरी बाबा रोज विचारतात आणि मला सांगता येत नाही. इथे वैद्यकीय क्षेत्रातले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढला. कुणाच्या घरी अशी सर्जरी झाली असेल तर तेही लिहा.

माळरान
आत्यांना लवकर बरं वाटो. चहा मागतायत म्हणजे गाडी रुळावर आहे. वाचतोय.

रात्रपाळी
शमिकाताई, मी अशाच आयसीयूत काम करते. तुमच्या सिस्टर जे बघतात ते क्रमाने सांगते.

पहिला रंग. टॉर्च पांढऱ्या उजेडाची लागते, पिवळ्या उजेडात सगळंच तांबूस दिसतं. मग स्पर्श : ऊब आहे का, कातडी मऊ आहे की टणक फुगली आहे. मग बोटाने दाबून सोडायचं. दाबल्यावर जागा पांढरी पडते आणि साधारण दोन-तीन सेकंदांत रंग परत यायला हवा. खूप उशिरा आला तर रक्त आत येत नाहीये अशी शंका. सोडल्या सोडल्या क्षणात आला आणि कातडी निळसर, फुगीर वाटली तर रक्त बाहेर जात नाहीये अशी शंका.

आता सुई. मनगटाची कातडी आपल्याकडे बहुतेकांची सावळी असते, आणि ती बसते तोंडाच्या गुलाबी अस्तरात. चारी बाजूंना लाळ, टाके, सूज. सावळ्या कातडीवर फिकटपणा किंवा निळेपणा उशिरा कळतो. थेंब मात्र लपवत नाही. टोचल्यावर एक-दोन क्षणांनी लालभडक थेंब आला की छान. टोचताच काळपट रक्त भराभर यायला लागलं तर शीर तुंबली असावी. काहीच आलं नाही तर धमनीची काळजी.

आणि आत्यांना ती टोचणी जाणवत नाही. त्या कातडीच्या संवेदना नेणाऱ्या नसा मनगटाकडेच तुटलेल्या असतात. नातेवाईक ते बघून कळवळतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

शमिका_देवगड
रात्रपाळीताई, शेवटच्या ओळीसाठी खरंच आभार. बाबांना आत्ता फोन करून सांगितलं.

सरळवाट
मला पटलं नाही. लाखांत बिल होतं, आयसीयूत भिंतभर मॉनिटर असतात, आणि निर्णय टॉर्च आणि सुईवर? मशीन घ्यायचे पैसे वाचवायला सिस्टरांना राबवतात असं माझं स्पष्ट मत आहे.

भूलवाला
सरळवाट, प्रश्न रास्त आहे, निष्कर्ष नाही. ऑक्सिमीटर काय मोजतो तिथून सुरुवात करतो.

बोटाच्या क्लिपमधून दोन प्रकाश जातात : ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि ९४० च्या आसपासचा अवरक्त (इन्फ्रारेड). ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं जास्त. पण बोटात कातडी, हाड, शिरेतलं रक्त हेही प्रकाश शोषतातच. मग धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ते कोडं सोडवलं : नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढं शोषण कमीजास्त होतं तेवढंच मोजायचं, बाकी स्थिर भाग वजा करायचा. म्हणजे तो ९८ आकडा सांगतो की फुप्फुसातून निघालेल्या धमनीच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे. ते रक्त गालातल्या कातडीत पोचलं की नाही याबद्दल तो काहीही सांगत नाही.

पेशींना मिळणारा ऑक्सिजन म्हणजे रक्ताचा प्रवाह गुणिले त्या रक्तातला ऑक्सिजन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. समजा हिमोग्लोबिन उत्तम, सॅच्युरेशन (म्हणजे शंभरातलं किती हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन आहे) ९८, आणि फ्लॅपच्या धमनीत गुठळी. प्रवाह शून्य, तर गुणाकारही शून्य.

मशीनबद्दल. फ्लॅपवर लावायचं यंत्र आहे. त्यातही अवरक्त प्रकाशच असतो, पण ते ठोक्यावर अवलंबून नसतं. ते धमनी, केशवाहिन्या आणि शिरा या सगळ्यांतल्या रक्ताचं मिळून सॅच्युरेशन दाखवतं, म्हणून निरोगी फ्लॅपवरही ९८ दिसत नाही, त्यापेक्षा बराच कमी आकडा दिसतो. नातेवाईक तो बघून घाबरतात. तिथे एकट्या आकड्याला फार अर्थ नाही, तो किती वेगाने उतरतोय ते बघायचं असतं. छातीवर किंवा पायावर मोठा फ्लॅप असेल तर हे यंत्र झकास चालतं आणि कित्येकदा रंग बदलायच्या आधी इशारा देतं. तोंडाच्या आत लाळेत, गालाच्या वळणावर त्याची पट्टी नीट चिकटत नाही. शिवाय पट्टी एकदा वापरून फेकायची आणि महाग. पैशाचा भाग आहेच, नाकारत नाही. पण यंत्र असलं तरी सुई सुटत नाही.

सांगलीकर_ऊस
रात्रपाळीताईंनी शीर तुंबण्याचं लिहिलंय ते आमच्याकडच्या माणसाला लगेच कळेल. नदीकाठची काळी रानं पाणी कमी पडून नाही मेली, पाण्याचा निचरा न झाल्यानं चोपण झाली. पाटाला पाणी आहे, ऊस पिवळा. चर खणला की रान परत येतं, उशीर केला तर येत नाही. फ्लॅपचं तसंच म्हणायचं ना?

सुईदोरा
अगदी तसंच. मी प्लास्टिक सर्जन आहे. सूक्ष्म जोडणीत आम्हाला धमनीपेक्षा शीर जास्त छळते. धमनीची भिंत जाड, आत दाब चांगला. शिरेची भिंत पातळ, दाब कमी, त्यामुळे थोडा पीळ पडला, मानेत रक्त साठून गोळा झाला, कुठे बाहेरून चेपलं गेलं की ती मिटते. रक्त आत येत राहतं, बाहेर पडत नाही, फ्लॅप फुगतो, जांभळा पडतो, आणि शेवटी त्या दाबाने धमनीही थांबते.

या वाहिन्या साधारण दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या असतात. मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने, मनगटाची धमनी मानेतल्या धमनीला आणि शीर शिरेला जोडतो. चिमटे सोडल्यावर पांढरट पडलेली कातडी कडांपासून गुलाबी व्हायला लागते आणि कडेच्या कापातून लाल रक्त ओघळतं. त्या वेळी थिएटरमध्ये सगळे तिकडेच बघत असतात, भूलतज्ज्ञसुद्धा.

अनुभवी केंद्रांत १०० पैकी ९५ हून जास्त फ्लॅप जगतात. बिघडायचे ते बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत बिघडतात. वेळेत कळलं तर पेशंटला परत थिएटरमध्ये नेऊन गुठळी काढतो, जोडणी पुन्हा करतो, आणि त्यातले बरेच वाचतात. कातडी रक्ताशिवाय काही तास तग धरते, स्नायू त्याहून कमी. फार उशीर झाला तर प्रवाह मोकळा करूनही उपयोग होत नाही, कारण आतल्या केशवाहिन्याच सुजून बंद झालेल्या असतात. म्हणून दर तासाला. रात्री तीनला सिस्टरचा फोन येतो, "सर, थेंब काळा वाटतोय," तेव्हा मी गाडी काढतो, फोनवर चर्चा करत बसत नाही.

माळरान
शेवटचं वाक्य वाचून डॉक्टरांना नमस्कार, आणि फोन करणाऱ्या सिस्टरांना त्याहून मोठा.

सरळवाट
ठीक. यंत्राचा मुद्दा कळला. पण एका सिस्टरकडे चार-चार पेशंट दिले तर दर तासाची नोंद होईल का? ही माझी तक्रार कायम.

रात्रपाळी
त्या तक्रारीला माझं पूर्ण अनुमोदन. फ्लॅपच्या पहिल्या रात्री एका सिस्टरकडे एक किंवा फार तर दोन पेशंट असावेत. ड्यूटी बदलताना दोन्ही सिस्टरांनी मिळून फ्लॅप बघायला हवा, कारण "थोडा गडद" हे शब्द माझ्यासाठी वेगळे आणि तुमच्यासाठी वेगळे असतात. आम्ही आता दर पाळीला एकाच उजेडात फोटो काढून ठेवतो. फार फरक पडला.

आणखी एक, नातेवाईकांसाठी. गळ्याला श्वासाची नळी असेल तर ती बांधायची फीत बघा. घट्ट फीत मानेत जोडलेल्या शिरेवरच बसू शकते. डोकं कुठल्या बाजूला वळवायचं नाही हे सर्जन सांगून जातात, ते खाटेच्या डोक्याशी लिहून लावायला सांगा. उशी सरकवणारा वॉर्डबॉय मामा, एक्स-रेवाला, भेटायला आलेले काका, सगळ्यांना ते दिसलं पाहिजे.

कोकणी_वारा
एसी का बंद ठेवतात? माझ्या सासऱ्यांच्या वेळी मे महिना, आम्ही घामाने निथळत होतो, एसी लावा म्हटलं तर सिस्टर ओरडल्या.

भूलवाला
बरोबर ओरडल्या. थंडीने कातडीच्या वाहिन्या आकसतात. पेशंट ऊबदार हवा, वेदना आटोक्यात हवी, रक्तदाब पडता कामा नये. सलाईनही बेताने : कमी दिलं तर प्रवाह मंदावतो, जास्त झालं तर फ्लॅपला सूज येते आणि ती सूजच शिरेला दाबते. रक्तदाब वाढवायच्या औषधांना पूर्वी सर्जन मंडळी फार घाबरायची, वाहिन्या आकसतील म्हणून. योग्य मात्रेत दिल्यास फ्लॅप जास्त जातात असं पुढच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. सुईदोरा यांचं मत वेगळं असू शकेल.

सुईदोरा
अजूनही छातीत धडकी भरते, पण तुमचं म्हणणं बरोबर आहे. रक्तदाब पडू देणं त्याहून वाईट.

जुनापुणेकर
विषयाला धरूनच एक अवांतर. रक्तवाहिनीसकट कातडी वळवून नवा अवयव करायची जी नोंद वाचून युरोप जागा झाला, ती आपल्या पुण्याजवळची आहे. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता. तिसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा होता. मग पुण्याजवळच्या विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नाक करून दिलं. जेम्स वेल्स या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये हकिगत छापून आली. मुंबई इलाख्यातल्या क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिल्याचा उल्लेख त्यात आहे.

मला त्यातले तपशील फार आवडतात. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून बघायचा, तो कपाळावर सपाट करून त्याभोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधली पट्टी जोडलेलीच ठेवायची. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या, विड्याला लावतात तोच कात. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. आणि मधली पट्टी कापायची ती २५ व्या दिवसाच्या सुमारास.

हिंगोलीचा_हरी
म्हणजे प्लास्टिक सर्जरी आमच्या पुण्यात जन्मली! (हिंगोलीचा असून पुण्याला 'आमच्या' म्हणतोय, आजच्यापुरतं चालवून घ्या.)

सुईदोरा
जुनापुणेकर, ती २५ दिवसांची गोष्ट फार महत्त्वाची आहे. डोळ्यांच्या मधल्या त्या पट्टीतून कपाळाकडे जाणारी धमनी असते, फ्लॅप तिच्यावर जगतो. तोवर नाकाच्या बुडाकडून नव्या केशवाहिन्या फ्लॅपमध्ये शिरतात. दोन-तीन आठवड्यांत त्या पुरेशा झाल्या की मूळ पट्टी कापली तरी नाक जगतं. आजही कपाळाच्या फ्लॅपची पट्टी आम्ही साधारण तीन आठवड्यांनीच कापतो. त्या माणसाला रक्ताभिसरणाचा नकाशा ठाऊक नसेल, पण कधी कापायचं ते पक्कं ठाऊक होतं. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

हिंगोलीचा_हरी
सुश्रुताने तर त्याच्या कितीतरी आधी लिहिलंय. मग पाश्चात्त्यांनी नवीन काय केलं?

जुनापुणेकर
सुश्रुतसंहितेत कातडी गालाची घ्यायला सांगितली आहे, पानाने माप घेऊन. कपाळाची पद्धत कारागिरांच्या घराण्यांतून चालत आली. कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये ती करून १८१६ मध्ये प्रसिद्ध केली. घेतलं आपल्याकडून, हे त्यांनीच लिहिलंय. पण पुढे नेलं त्यांनी. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

मेलबर्नकर
आमच्या गावाचं नाव घेतल्याशिवाय धागा पूर्ण होणार नाही. १९७३ मध्ये इथे डॅनियल आणि टेलर या सर्जननी जांघेतली कातडी पूर्ण सुटी करून पायावर नेली आणि तिथल्या वाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडली. आत्यांची कातडी मनगटावरून गालात गेली ती याच वाटेने. पुढे टेलर यांनी मृतदेहांच्या धमन्यांत शिशाचं मिश्रण भरून एक्स-रे काढले आणि १९८७ मध्ये पामर यांच्याबरोबर दाखवून दिलं की शरीर हे एकेका धमनीच्या मालकीच्या तुकड्यांचं बनलेलं आहे. शेजारच्या तुकड्यांमध्ये अरुंद वाहिन्यांचे दुवे असतात. एका धमनीवर किती कातडी जगेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. शेजारचा तुकडा सहसा तगतो, त्यापलीकडचा धोक्यात.

सुईदोरा
आणि ते अरुंद दुवे रुंद करता येतात! फ्लॅप अर्धवट सोडवून एक-दोन आठवडे तसाच ठेवला की उपाशी राहिलेल्या भागाकडचे दुवे मोठे होतात. पहिल्या महायुद्धात गिलीज नावाचे सर्जन इंग्लंडमध्ये कातडीची नळी करून ती टप्प्याटप्प्याने चेहऱ्यापर्यंत न्यायचे, तेही यावरच चालायचं.

लातूरची_वैशाली
मोठी सर्जरी, मायक्रोस्कोप, दहा-बारा तास, हे सगळं परळला टाटाला किंवा पुण्यात. आमच्याकडे जिल्ह्यात काय? माझ्या मामांना छातीचा स्नायू कातडीसकट वळवून लावला होता. दिसायला जाडजूड, मान जरा आखडली, पण ते जेवतात, बोलतात, शेतावर जातात. इथे वाचून असं वाटेल की तो दुय्यम इलाज.

सुईदोरा
अजिबात दुय्यम नाही. १९७९ मध्ये एरियन या सर्जननी तो फ्लॅप मांडला आणि आपल्या देशात तोंडाच्या कॅन्सरचे असंख्य पेशंट त्याने जेवते झाले. त्यात वाहिनी तोडायचीच नसते, ती गळपट्टीच्या हाडावरून वळवायची, त्यामुळे सूक्ष्म जोडणी नाही आणि वेळही कमी. फक्त त्याचंही टोक बघावं लागतं, कारण सगळ्यात कमी रक्त टोकाला पोचतं, आणि नेमकं तेच टोक तोंडात शिवलेलं असतं. कुठला फ्लॅप योग्य हे पेशंट, जागा आणि हातातली साधनं बघून ठरतं. मामांचा निर्णय बरोबरच होता.

वैद्य_पळसगाव
शीर तुंबली तर जळवा लावतात असं ऐकलंय. आमच्या शास्त्रात जलौकावचरण आहेच. सर्जन वापरतात का?

सुईदोरा
वापरतात. शिरेची दुरुस्ती शक्य नसेल तेव्हा नव्या शिरा तयार होईपर्यंत साठलेलं रक्त काढायला जळू उपयोगी पडते. ती सुटल्यावरही जखम तासन्‌तास झिरपत राहते, खरा फायदा तोच. अमेरिकेत २००४ मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली. पण जळवेच्या पोटात जंतू असतात, म्हणून सोबत अँटिबायोटिक द्यावंच लागतं, आणि रक्त बरंच जातं म्हणून हिमोग्लोबिनवर नजर. धमनी बंद असेल तर जळू लावून उपयोग नाही. आणि शमिकाताई, हे वाचून कुणी घरून जळू घेऊन आयसीयूत येऊ नये, ही विनंती.

शमिका_देवगड
😀 नाही येणार. आज आत्या बऱ्याच बऱ्या आहेत. दोन नवे प्रश्न. मनगटातली धमनीच काढून घेतली तर हात कसा जगतो? आणि मनगटाच्या उघड्या जागेवर मांडीची पातळ कातडी लावली आहे, तिच्याकडे कुणी बघतही नाही, वर जाड पट्टी बांधून ठेवली आहे. तिला रक्त नको का?

भूलवाला
हाताला दोन धमन्या असतात, अंगठ्याकडची आणि करंगळीकडची. तळव्यात त्या एकमेकींना कमानीने जोडलेल्या असतात. ऑपरेशनआधी दोन्ही दाबून, मूठ आवळून पांढरी करून, फक्त करंगळीकडची सोडतात. तळहात लगेच गुलाबी झाला तरच पुढे जातात. ॲलन यांची १९२९ ची चाचणी. तुमच्या आत्यांचा ऑक्सिमीटर डाव्या हाताच्या अंगठ्याला लावला आहे का बघा.

शमिका_देवगड
हो! डाव्या अंगठ्यालाच आहे.

भूलवाला
मग तो आकडा एक कामाची गोष्ट सांगतोय : करंगळीकडची धमनी एकटी तो हात सांभाळते आहे.

सुईदोरा
मांडीच्या कातडीचं. ती पत्र्यासारखी पातळ असते, सोबत वाहिनी नसते. पहिले दोन दिवस ती खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगते, मग खालून केशवाहिन्या तिच्यात शिरतात. तिला घट्ट चिकटून, न हलता पडून राहायला हवं, म्हणून ती जाड पट्टी. रोज उघडून बघितलं तर उलट ती सुटेल. गालातला फ्लॅप जाड आहे, चरबीसकट. एवढ्या जाडीला खालून झिरपणारं पुरत नाही. त्याला स्वतःची धमनी आणि स्वतःची शीर हवी, आणि त्या दोघी चालू आहेत ना हे त्या जागी जाऊनच बघावं लागतं.

पारनेरची_लेक
पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्या आईचं असंच ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. ती वर्षानुवर्षं मशेरी लावते. आता सोडली तर काही उपयोग आहे का, की उशीर झाला? ती म्हणते आता काय फरक पडतो.

रात्रपाळी
ताई, फरक पडतो. निकोटिनने बारीक वाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. चार आठवडे आधी सुटलं असतं तर उत्तम, पण कॅन्सरचं ऑपरेशन त्यासाठी थांबवत नाहीत, म्हणून आजपासून बंद. आईला एकटीला सोडायला सांगू नका, घरातला डबाच काढून टाका, आणि घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांनीही तिच्याजवळ ओढू नये. भूलतज्ज्ञांना मशेरीचं खरं खरं सांगा, रोज किती वेळा तेही. बायका लाजून सांगत नाहीत. ऑपरेशननंतर सिस्टरांना विचारून घ्या की डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं. काही लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, या आठवड्यात माझी दिवसपाळी आहे, संध्याकाळी उत्तर देईन.